चाल तीच, कॉर्ड वेगळी : पर्यायी कॉर्ड्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात चाली लावणाऱ्यांची कमतरता नाही. कुणी गणपती मंडळाचं गाणं करतं, कुणी गड्ड्याच्या यात्रेसाठी सिद्धरामेश्वरांवर भक्तिगीत, कुणी भीमजयंतीसाठी, कुणी कॉलेजच्या गॅदरिंगसाठी. चाल सुचते, गिटारवर किंवा कीबोर्डवर तीन कॉर्ड्स बसतात आणि घोडं तिथंच पेंड खातं: मुखडा आणि अंतरा दोन्हीकडं तेच सी, एफ, जी. पुढची उत्तरं ही अडचण असलेल्यांसाठी आहेत. सगळीकडं सा म्हणजे सी, पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी एक, असं धरलं आहे.

पर्यायी कॉर्ड म्हणजे नेमकं काय?

चाल जशीच्या तशी ठेवून तिच्याखालची कॉर्ड बदलणं. गायकाचा एकही सूर हलत नाही, तरी ऐकणाऱ्याला ओळ वेगळी वाटते. सी कॉर्डमध्ये सा, ग, प हे तीन सूर असतात. ए मायनरमध्ये ध, सा, ग. तीनपैकी दोन सामाईक, म्हणून सीच्या जागी ए मायनर सहसा खपून जाते. ई मायनरमध्ये ग, प, नी; तिथंही दोन सामाईक.

एका पट्टीतल्या कॉर्ड्सची तीन घराणी समजा. सी, ए मायनर आणि ई मायनर म्हणजे घरी असणं. एफ आणि डी मायनर म्हणजे घरातून निघणं. जी आणि बी डिमिनिश्ड (नी, रे, म) म्हणजे घराची ओढ. कॉर्ड्सची ही कामावरून केलेली विभागणी ह्यूगो रीमान या जर्मन अभ्यासकानं १८९३ मध्ये मांडली आणि ती अजून कामाला येते. एका घराण्यातली कॉर्ड दुसरीच्या जागी सहज बसते. ई मायनर मात्र दोन्ही डगरींवर पाय ठेवून असते. तिचे प आणि नी जीमध्येही आहेत, त्यामुळं ती घरासारखी कमी आणि वाटेवर रेंगाळल्यासारखी जास्त वाटते.

बदल करायचाच कशाला? तीन कॉर्ड्सवर किती तरी गाणी चालतात.

चालतात, आणि लेझीमच्या किंवा मिरवणुकीच्या गाण्यात तीनच असाव्यात असं आमचं मत आहे. शंभर लोक एकदम गाणार असतील तर बारकावे ढोल-ताशात बुडून जातात. बदलाची गरज लागते ती तीन ठिकाणी. एकच ओळ दोन-तीनदा येते आणि दुसऱ्यांदा काहीतरी वेगळं व्हायला हवं असतं. शब्द उदास आहेत आणि कॉर्ड मात्र हसरी लागते. किंवा अंतऱ्याहून मुखड्यावर परतताना ओढ कमी पडते. यापैकी काहीच नसेल तर गिटार खाली ठेवा आणि शब्दांवर काम करा.

माझ्या चालीखाली कोणकोणत्या कॉर्ड्स बसतील, हे कसं शोधायचं?

आधी कॉर्ड्स विसरा. तानपुरा ॲप लावून, किंवा पेटीवर नुसते सा-प धरून, चाल मोबाईलवर रेकॉर्ड करा. मग तालाच्या दर आवर्तनात (फेरीत) समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, कोणता सूर येतो आणि मधल्या कालावर (केरव्यात पाचव्या मात्रेवर) कोणता, एवढंच कागदावर लिहा. मधले घसरते सूर, मुरक्या, खटके सोडून द्या. त्यांच्याशी कॉर्डला देणं-घेणं नसतं.

आता प्रत्येक सुरासाठी सहा साध्या कॉर्ड्स निघतात, कारण कोणताही सूर कॉर्डचा पहिला, मधला किंवा वरचा सूर असू शकतो, आणि कॉर्ड मेजर किंवा मायनर असू शकते. सा घ्या. मेजरमध्ये तो सी, ए फ्लॅट आणि एफ या तिघींत आहे. मायनरमध्ये सी मायनर, ए मायनर आणि एफ मायनर. यातल्या सी, एफ आणि ए मायनर तुमच्या पट्टीतल्याच आहेत, त्या आधी वाजवून बघा. उरलेल्या तीन बाहेरच्या. त्या पाहुण्यासारख्या, कधीतरी. रेसाठी पट्टीतल्या कॉर्ड्स म्हणजे जी, डी मायनर आणि बी डिमिनिश्ड. बाहेरच्या डी, बी फ्लॅट, जी मायनर आणि बी मायनर.

वहीत सात शुद्ध सुरांसाठी असा तक्ता एकदाच करून ठेवा. अर्धा तास लागतो, पण नंतर कॉर्ड शोधायला अंधारात चाचपडावं लागत नाही.

एखाद्या ओळीवर करून दाखवाल का?

केरव्यातली चार आवर्तनांची ही ओळ घेऊ, प्रत्येक आवर्तन आठ मात्रांचं:

माग थांबला, / रात्र सरली, / तळ्यात हलला / दिवा

पहिल्या आवर्तनात मुख्य सूर ग, आणि त्यात सा कुठंही नाही (हे पुढं उपयोगी पडेल). दुसऱ्यात पहिल्या चार मात्रा शुद्ध ध, नंतरच्या चार वरचा सा. तिसऱ्यात रे. चौथ्यात सावर मुक्काम.

साधी मांडणी: सी, एफ, जी, सी. स्वच्छ, सरळ, थोडी शाळेच्या प्रार्थनेसारखी.

पहिला बदल: ए मायनर, डी मायनर, जी, सी. पहिल्या दोन कॉर्ड्स आपापल्या घराण्यातल्या मायनरनं बदलल्या. रात्रपाळीचा थकवा आला, पण शेवट उजेडात होतो.

दुसरा: सी, एफ, जी, ए मायनर. फक्त शेवटची बदलली. ‘दिवा’चा सा आता ए मायनरच्या मधल्या सुरावर बसतो. वाक्य संपलं, पण गोष्ट संपली नाही असं वाटतं. ओळ दोनदा येत असेल तर पहिल्यांदा ए मायनर आणि दुसऱ्यांदा सी करा. आमच्या मते संपूर्ण विषयात मेहनतीच्या मानानं सर्वांत जास्त फळ देणारा बदल हाच.

तिसरा: पहिल्या आवर्तनाच्या पाचव्या मात्रेवर ए सेव्हन (ए मेजरमध्ये वर जी मिसळलेली कॉर्ड), मग डी मायनर, जी, सी. ए सेव्हनमधला सी शार्प डी मायनरकडं ढकलतो. पहिल्या आवर्तनात सा नसल्यानं धक्का बसत नाही.

चौथा: दुसऱ्या आवर्तनात चार मात्रा एफ, पुढच्या चार एफ मायनर. चाल तोवर धवरून सावर गेलेली असते, म्हणून जमतं. ‘सरली’ या शब्दावर प्रकाश मंद होतो.

पाचवा, गाण्याच्या अगदी शेवटी एकदाच: ‘दिवा’चा सा लांबवा आणि त्याखाली चार मात्रा ए फ्लॅट, चार मात्रा बी फ्लॅट, मग पुढच्या समेवर सी. सा ए फ्लॅटमध्ये आहेच. बी फ्लॅटमध्ये नाही, पण टोचतही नाही. गायकाला काहीच करायचं नाही, नुसता दम धरायचा.

हे पाचही एकाच गाण्यात घालू नका.

दोन सूर सामाईक असूनही कॉर्ड टोचते. असं का?

बहुतेक वेळा कारण एकच: गायकाचा सूर कॉर्डमधल्या एखाद्या सुराच्या अर्ध्या स्वरानं वर असतो आणि तिथं थांबतो. ई मायनरमध्ये ग आणि नी आहेत. त्यावर गायक शुद्ध म धरून बसला तर म गला घासतो. सा धरला तर सा नीला. म्हणून सीच्या जागी ई मायनर घालताना सर्वांत जास्त घोळ होतो. सी आणि ए मायनरला म चालत नाही. जीला सा चालत नाही.

याउलट एफ आणि डी मायनर फार सोशिक. शुद्ध सात सुरांपैकी कोणताही त्यांच्यावर थांबला तरी असा घासत नाही. अडलात तर या दोघींकडं या.

सूर जाता जाता येत असेल, एखाद-दुसऱ्या मात्रेपुरता, तर हा नियम सैल सोडा. थांबण्याच्या सुरालाच तो कडक लावायचा.

ए सेव्हन, डी सेव्हन, ई सेव्हन या मध्येच कुठून येतात?

कोणत्याही कॉर्डच्या आधी तिच्या पंचमावरची सेव्हन कॉर्ड वाजवता येते. डी मायनरच्या आधी ए सेव्हन, जीच्या आधी डी सेव्हन, ए मायनरच्या आधी ई सेव्हन, एफच्या आधी सी सेव्हन. जाण्याचं ठिकाण पक्कं असलं की वाटेवरची ही पाटी लावायची. प्रत्येक पाटीत एक परका सूर असतो: ए सेव्हनमध्ये सी शार्प, डी सेव्हनमध्ये तीव्र म, ई सेव्हनमध्ये जी शार्प, सी सेव्हनमध्ये कोमल नी. त्या क्षणी गायक अनुक्रमे शुद्ध सा, म, प किंवा नी गात असेल तर पाटी लावू नका. वेळही कमी द्या, दोन किंवा चार मात्रा. पूर्ण आवर्तन दिलं तर पट्टीच बदलल्यासारखी वाटते.

मायनर चालीत ई सेव्हन घातली की भजनाचा बाज जातो. काय करावं?

इथं गिटार शिकवणाऱ्या व्हिडिओंनी पुष्कळ नुकसान केलं आहे. ए मायनरच्या गाण्यात ई सेव्हन घालायचीच, असं ते शिकवतात. पण आपल्याकडच्या मायनर वळणाच्या पुष्कळ चाली कोमल निषादाच्या असतात. ए मायनरपुरता ए हाच सा धरला तर कोमल नी म्हणजे जी, आणि ई सेव्हनमध्ये असतो जी शार्प. गायक एक म्हणतो, कॉर्ड दुसरं. तिथं ई सेव्हनच्या जागी जी किंवा ई मायनर वाजवा. ओढ थोडी कमी होईल, पण बाज राहील. ओढ हवीच असेल तर ई सस फोर (ई, ए, बी): तिच्यात ना जी आहे ना जी शार्प.

एफनंतर एफ मायनर घेतली की गहिवरून येतं म्हणतात. कुठं वापरावी?

एफमधला शुद्ध ध एफ मायनरमध्ये कोमल होतो आणि मग सीमधल्या प वर उतरतो. ध, कोमल ध, प ही अर्ध्या अर्ध्या स्वरांची उतरण म्हणजेच तो गहिवर. म्हणून एफ, एफ मायनर, सी हा क्रम मोडू नका, आणि ही उतरण कीबोर्डच्या उजव्या हातात किंवा गिटारच्या वरच्या तारांवर ऐकू येईल अशी ठेवा. गिटारवर एफ मायनर वरच्या चार तारांवर पुरते: चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट, पहिल्या तिन्ही तारांवर पहिला फ्रेट आडव्या बोटानं. त्या वेळी चाल सा, म किंवा कोमल धवर असावी. प असला तरी निभतं. शुद्ध ध असेल तर नको. आणि गाण्यात एकदाच. दुसऱ्यांदा आली की लोकांना युक्ती दिसते.

ट्रायटोन सब्स्टिट्यूशन मराठी गाण्यात चालतं का?

क्वचित. जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन वाजवणं, म्हणजे हे प्रकरण. जी सेव्हनचा सगळा ताण नी आणि म या दोन सुरांत असतो, आणि तेच दोन सूर डी फ्लॅट सेव्हनमध्येही असतात. बेस (सर्वांत खालचा सूर) मात्र पंचमावरून उडी मारण्याऐवजी, आधी डी मायनर असेल तर, डी, डी फ्लॅट, सी असा घसरत येतो. अमेरिकेत १९४० च्या दशकातल्या बीबॉप जॅझमध्ये याचा सुकाळ झाला.

त्या क्षणी चाल नी, म किंवा प वर असेल तर ऐकायला मजा येते. सा असेल तर साफ चुकतं, कारण डी फ्लॅट सेव्हनमधला नी त्याला घासतो. रे असेल तर मूळ सुरावरच अर्ध्या स्वरानं वर बसतो. जॅझवाले ते खपवून घेतात, भावगीतात ते बेसूर वाटतं. वरच्या ‘तळ्यात हलला’ ओळीत रे आहे, म्हणून आम्ही तिथं हा बदल घातलाच नाही. गिटारवर बोटं अशी: पाचव्या तारेवर चौथा फ्रेट, चौथ्या तारेवर तिसरा, तिसऱ्या तारेवर चौथा, दुसऱ्या तारेवर दुसरा. पहिली आणि सहावी तार बंद.

डिमिनिश्ड कॉर्ड म्हणजे भुताच्या सिनेमातली. तिचा उपयोग काय?

दोन कॉर्ड्समधला सांधा म्हणून. सी आणि डी मायनरच्या मध्ये सी शार्प डिमिनिश्ड सेव्हन, जी आणि ए मायनरच्या मध्ये जी शार्प डिमिनिश्ड सेव्हन. बेस अर्धा अर्धा स्वर चढतो. भीती वाटते ती कॉर्ड लांबली तर. दोन मात्रांत उरकली तर कुणाला कळतही नाही. गिटारवर वरच्या चार तारांवर २-३-२-३ हे फ्रेट धरले की सी शार्पवाली, ३-४-३-४ धरले की जी शार्पवाली. हाच आकार तीन फ्रेट सरकवला की तेच चार सूर परत येतात, म्हणून अशा कॉर्ड्स खऱ्या अर्थानं तीनच आहेत.

चाल रागावर आधारलेली आहे. कॉर्ड्समुळं राग बिघडतो, त्याचं काय?

हा प्रश्न भजनी मंडळांकडून येतो आणि त्यांची तक्रार रास्त आहे. कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन सूर, आणि त्यातला एखादा रागात वर्ज्य असू शकतो. गायक तो गात नसला तरी श्रोता तो ऐकतो. पर्यायी कॉर्ड्सचा खरा उपयोग मराठी गाण्यात इथंच आहे: रंग वाढवायला नव्हे, वर्ज्य सूर टाळायला.

भूप घ्या. सा, रे, ग, प, ध. म आणि नी नाहीत. सी चालते, ए मायनर चालते. पण एफमध्ये म आहे आणि जीमध्ये नी. म्हणजे शिकाऊ वादकाच्या तीन कॉर्ड्सपैकी दोन बाद. एफच्या जागी ए मायनर किंवा डी सस फोर (रे, प, ध) घ्या. जीच्या जागी जी सस टू (प, ध, रे) किंवा जी सस फोर (प, सा, रे). सस कॉर्डमध्ये मधला सूर नसतो, त्यामुळं मेजर-मायनर हा वादच मिटतो.

दुर्गा याहून गमतीशीर. सा, रे, म, प, ध. इथं सी कॉर्डच चालत नाही, कारण तिच्यात ग आहे. घर म्हणून सी सस टू किंवा नुसते सा-प ठेवायचे. एफ आणि डी मायनर मात्र पूर्णपणे रागात बसतात.

यमनात तीव्र म आहे, म्हणून एफ वाजवली की शुद्ध म डोकावतो. एफच्या जागी डी मेजर घ्या आणि बेसला सी ठेवा: खाली सा स्थिर, वर रे, तीव्र म, ध. ई मायनर, बी मायनर आणि जीसुद्धा यमनाच्याच सुरांत आहेत.

भैरवीत रे, ग, ध, नी हे चारही कोमल धरले तर सी मायनर, डी फ्लॅट, एफ मायनर, ए फ्लॅट, बी फ्लॅट मायनर आणि ई फ्लॅट एवढ्या कॉर्ड्स मिळतात. जी मेजर मिळत नाही, तिच्यात शुद्ध नी आणि शुद्ध रे दोन्ही आहेत. घरी परतायला डी फ्लॅट ते सी मायनर किंवा बी फ्लॅट मायनर ते सी मायनर वापरा. कोमल रे वरून सावर उतरणं हे भैरवीचं स्वतःचं वळण आहे, आणि डी फ्लॅटवरून आलं की ते बेसमध्येही उमटतं. भैरवीत गायक इतर सूरही मोकळेपणानं लावतात. जिथं शुद्ध रे लागतो तिथं डी फ्लॅट वाजवणं थांबवा आणि नुसता सा धरा.

पेटी सोबत असली की मेजर कॉर्डमधला ग खटकतो. ट्यूनिंग तर बरोबर आहे.

तानपुऱ्यातून येणारा नैसर्गिक गंधार सापासून ३८६ सेंटवर असतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). गिटार, कीबोर्ड आणि नेहमीच्या पेटीचा ग ४०० सेंटवर. म्हणजे १४ सेंट चढा. तयारीचा गायक तानपुऱ्याला धरून गातो, कॉर्ड वरचढ राहते. पंचमात फरक जेमतेम २ सेंटचा, म्हणून तो कुणाला खटकत नाही. (पेटीच्या बांधीव सुरांवरचा हा आक्षेप जुनाच, आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटी बंद केली त्यामागंही तो होता.) उपाय सोपा: लांब आलापाखाली सी मेजर न वाजवता सा-प किंवा सी सस टू वाजवा. पेटी आधीच चाल वाजवत असेल तर गिटारनं ग वाजवायची गरजच नसते.

कॉर्ड कोणत्या मात्रेवर बदलावी?

घराण्यातला बदल समेवर, सांधे आणि पाट्या समेच्या आधी. केरव्यात पहिली आणि पाचवी मात्रा, सांधा सातव्यावर. दादऱ्यात पहिली आणि चौथी. भजनी ठेक्यात आवर्तनाला एकच कॉर्ड पुरे, टाळ-मृदंगाला जागा हवी. रूपकात सात मात्रा ३-२-२ अशा असतात, म्हणून पहिली, चौथी आणि सहावी. रूपकाच्या समेवरच काल (ठेक्यातला हलका, रिकामा ठोका) असतो. तिथं कॉर्ड जोरात आपटली तर तबलजी तुमच्याकडं बघेल.

अपरिचित कॉर्ड थेट समेवर आणि मुख्य शब्दावर आली की श्रोता शब्द सोडून कॉर्ड ऐकतो. तेच तुम्हाला हवं असेल तर गोष्ट वेगळी.

कॉर्ड्स न बदलता नुसता बेस बदलला तर?

तोही बदलच, आणि सर्वांत सुरक्षित, कारण सूर तेच राहतात. सी, जी, ए मायनर, एफ या क्रमात जीखाली बी ठेवा: बेस सी, बी, ए असा पायऱ्या उतरतो. पुढं ए मायनरखाली जी घेतला की थेट एफपर्यंत पोचतो. गिटारवर बी बेसची जी: पाचव्या तारेवर दुसरा फ्रेट, मधल्या तीन तारा मोकळ्या, पहिल्या तारेवर तिसरा फ्रेट, सहावी बंद. बँडमध्ये बेस गिटार असेल तर आधी त्याला सांगा. तो जीच वाजवत राहिला तर तुमची पायरी कुणाला ऐकू येणार नाही.

कीबोर्डच्या ऑटो ऱ्हिदममध्ये या कॉर्ड्स लागत नाहीत.

एका बोटाच्या मोडमध्ये मेजर, मायनर, सेव्हन आणि मायनर सेव्हन एवढंच मिळतं. कॅसिओत दोन कळांनी मायनर, तीन कळांनी सेव्हन. यामाहात मूळ कळीच्या डावीकडची काळी दाबली की मायनर, पांढरी दाबली की सेव्हन. सस आणि डिमिनिश्डसाठी फिंगर्ड मोडवर जा आणि कॉर्डचे सगळे सूर दाबा. बेस वेगळा हवा असेल तर कॅसिओत फुल रेंज कॉर्ड, यामाहाच्या वरच्या मॉडेल्समध्ये फिंगर्ड ऑन बेस. आणखी एक खोच: डाव्या हातानं नुसते सा-प दाबले तर काही मॉडेल्स स्वतःच मेजर धरतात. दुर्गाचं गाणं असेल तर ऑटो बंद करून ठेका वेगळा लावा.

एफ, बी मायनर अशा बॅरे (आडव्या बोटानं तारा दाबायच्या) कॉर्ड्स येत नाहीत. त्यांना पर्याय?

एफच्या जागी एफ मेजर सेव्हन: चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट, तिसऱ्यावर दुसरा, दुसऱ्यावर पहिला, पहिली मोकळी. बी मायनरच्या जागी बी मायनर सेव्हन: पाचव्या, तिसऱ्या आणि पहिल्या तारेवर दुसरा फ्रेट, बाकी मोकळ्या, सहावी बंद. आळस म्हणून घेतलेल्या या दोन कॉर्ड्स पुष्कळदा मूळच्यांपेक्षा बऱ्या लागतात.

गायक ऐनवेळी पट्टी बदलतो आणि आमच्या बदललेल्या कॉर्ड्सचा गोंधळ होतो.

कागदावर सी, एफ लिहू नका, आकडे लिहा: १, ४, ५, आणि मायनरला पुढं ‘मा’. वरची बदललेली ओळ अशी दिसेल: ६मा, २मा, ५, १. मग गायकानं काळी दोन (डी शार्प) मागितली तर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) तिसऱ्या फ्रेटवर लावा आणि सीचेच आकार वाजवा. काळी एकला कॅपो पहिल्या फ्रेटवर. बोलताना मात्र जपा: ‘काळी चार’ ही पट्टी, ‘चार’ ही कॉर्ड. ‘चार घे’ म्हटल्यावर दोघांनी दोन गोष्टी केल्याची उदाहरणं कमी नाहीत.

कार्यक्रमात सगळ्यांकडं एकच कागद हवा. गिटारवर एफ मायनर आणि कीबोर्डवर एफ वाजली तर कोमल आणि शुद्ध ध एकदम वाजतात, आणि शिव्या गायकाला बसतात.

सगळं नियमानं केलं, तरी कॉर्ड घाण वाजते.

आधी ट्यूनर लावा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत राहिलेल्या गिटारच्या तारा सैल पडून सूर उतरतात, आणि सगळ्या सारख्या उतरत नाहीत. साध्या सी कॉर्डमध्ये हे झाकलं जातं. डिमिनिश्ड किंवा सेव्हनमध्ये उघडं पडतं. सावलीत वीस मिनिटं ठेवून मग लावा. कोरड्या हवेत लाकूड आकसून फ्रेटची टोकं बोटाला लागत असतील तर केसमध्ये ओलावा राखणारी पुडी ठेवा.

ट्यूनिंग ठीक असेल तर कॉर्डचा मधला सूर कोण वाजवतंय ते बघा. दोघे-तिघे एकदम खालच्या सप्तकात तो वाजवत असतील तर नुसता गुरगुराट होतो. एकानंच वाजवावा, मध्य सप्तकात.

दुसऱ्याच्या गाण्याच्या कॉर्ड्स बदलल्या तर गाणं माझं होतं का?

नाही. चाल आणि शब्द ज्यांचे त्यांचेच. घरी, रियाजाला हवं तेवढं करा. प्रसिद्ध करायचं असेल तर हक्कधारकाची परवानगी घ्या.

एका गाण्यात किती बदल करावेत?

चार मिनिटांच्या गाण्यात तीन ठिकाणं पुष्कळ झाली: मुखड्याच्या दुसऱ्या फेरीत एक, अंतऱ्याहून परतताना एक, शेवटी एक. प्रत्येक बदल वेगवेगळा रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. रात्री अकराला सगळ्याच कॉर्ड्स थोर वाटतात. मग गिटार न वाजवणाऱ्या कुणाला तरी मूळ आणि बदललेली अशा दोन्ही ओळी ऐकवा, कोणती कुठली ते न सांगता. त्यानं ‘दुसऱ्यांदा शब्द जास्त लागले’ असं म्हटलं तर बदल ठेवा. ‘मध्येच काहीतरी वाजलं’ असं म्हटलं तर काढून टाका.